पदररान

हे नवरीकडच्या माणसांना आधी सांगायचं नसतं. पण मावशी, आमची आई रोपवाटिकेच्या फाटकात पदर पसरून, मान खाली घालून का उभी आहे, असं तुम्ही विचारलंत आणि तुमच्यातलं कुणीतरी हसलं. म्हणून सांगते. हळू बोलते, काकी जवळच आहे.

समोर दिसतं ते पदररान. जांभूळ, हिरडा, बेहडा, सगळं दाट. पूर्वी हा डोंगर बोडका होता, असं सांगतात. कोळशासाठी आमच्याच गावाने तो तोडला. झरा आटत चालला, तेव्हा कुठे गावाने देवीला शब्द दिला की रान परत उभं करू. रोपं वाढवायचं काम भिमाई नावाच्या बाईकडे आलं. पण तिची रोपं वीतभर वाढायची आणि पिवळी पडायची.

भिमाईची सून येसू. लग्न होऊन आली तेव्हा ती माहेरच्या जुन्या जांभळाखालची माती टोपलीत घेऊन आली म्हणे. त्या मातीत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे होते आणि तिला अळंबीचा वास होता. येसूने प्रत्येक रोपाच्या बुडाशी त्यातली चिमूटभर घातली. पावसाळा सरेपर्यंत रोपं गुडघ्याला लागली.

भिमाईला ते बोचलं. तिने एक रोप उपटलं, मुळांवर पांढरं पाहिलं आणि चावडीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "लोणच्याला बुरा आला तर आम्ही बरणी फेकतो! हिच्या आईने लेकीबरोबर बुराच आंदण दिलाय!"

बायका हसल्या. भिमाईने येसूलाच सगळी रोपं उपटायला लावली आणि झऱ्यावर मुळं धुवायला लावली. येसूने ती एकेक करून धुतली. गाव काठावर उभं राहून बघत होतं. एकानेही तिचा हात धरला नाही. आजी गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबते. मलाही इथे वर बघवत नाही.

येसू तशीच ओल्या लुगड्याने माहेरी निघून गेली. धुतलेली रोपं डोंगरावर लावली, ती सगळी वाळली. पुढच्या वर्षी मात्र झऱ्याखाली, जिथे ते गढूळ पाणी मुरलं होतं, तिथे आपोआप उगवलेली जांभळं हिरवीगार उभी होती. भिमाईने उकरून पाहिलं. तेच पांढरे धागे. आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात, ती बुरशी मुळांना धरून राहते आणि मूळ पोचत नाही तिथलं पाणी त्यांना आणून देते.

भिमाई अनवाणी येसूच्या दारात गेली आणि तिने पदर पसरला. येसूने तो मातीने भरला. "माती घेऊन जा," ती म्हणाली. "मी येत नाही."

त्या मातीवर हे रान उभं राहिलं. येसू कधीच आली नाही.

आजही आमच्याकडे नवरी माहेरच्या झाडाखालची ओंजळभर माती आणते. सासू ती पदरात घेते आणि विचारते, "माती आली. तू येतेस का, बाई?" नवरी हो म्हणेपर्यंत मान वर करायची नाही. मग ती माती रोपांना घालतात.

आईचं विचारून झालंय. वहिनी अजून काही बोललेली नाही. साखरपुड्यात तुमच्या घरच्या जेवणाला नाक मुरडून आई जे बोलली, ते मी ऐकलं होतं. वहिनीनेही ऐकलं, मी तिचा चेहरा पाहिला. आईची मान आज नुसती रीत म्हणून खाली नाही, मावशी. ती खरंच—

"वृंदे! अगं ये लवकर, वहिनी काहीतरी बोलतेय!"