गावभर वाटलेली पोथी

"म्हातारे, माझी पोथी कुठाय? या नुसत्या फळ्या काय दाखवतेस?"

"ओरडू नकोस. वरखालच्या फळ्या आहेत, बांधायची दोरी आहे. पानं मी वाटली."

"वाटली? पोथी म्हणजे काय खिरापत आहे?"

लहानथोरांनो, फार फार वर्षांपूर्वी एका नदीच्या घाटावर एक नामवंत ग्रंथकार आणि गावातली एक म्हातारी असे कडाकडा भांडत होते. हातातली कामं टाकून अख्खं गाव ऐकत होतं.

ग्रंथकाराचा आकांत खोटा नव्हता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. उभं तारुण्य घालून त्यानं एका नदीची कथा लिहिली होती, उगमापासून सागरापर्यंत. लेखनिकांकडून प्रती करवल्या. एकेक प्रत हत्तीवरून मिरवली, पुढं ढोल, मागं भालदार. राजानं, सरदारांनी, सावकारांनी ती रेशमात बांधून देवघरात ठेवली. सणासुदीला हळदकुंकू वाहिलं. गाठ मात्र कुणी सोडली नाही. कशाला सोडतील? पूजा केली की वाचल्याचं पुण्य फुकटात मिळतं, अशी मोठ्या घरांची समजूत!

वर्षं गेली. एकदा राजाला वाटलं, बघू तरी आत काय आहे. गाठ सोडली, तर रेशमातून वाळवीची माती सांडली. घरोघरी तेच. आणि स्वतःचं लिहिलेलं आता ग्रंथकारालाच आठवत नव्हतं. उरली होती एकच प्रत. तिच्यावर शाई सांडली होती, म्हणून मिरवणुकीच्या वेळी त्यानं ती या म्हातारीकडं भिरकावली होती.

"पोथी एक आणि गाव एवढं मोठं," म्हातारी म्हणाली. "एकानं वाचायची आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडं बघायचं का? घरटी एकेक पान दिलं. त्याच पानावर बोट फिरवत माणसं अक्षरं शिकली."

"म्हणजे संपलं सगळं." ग्रंथकार मटकन खाली बसला. "माझा जन्म वाया गेला."

"जन्माचं मागनं बघू. आधी जरा गप्प बस." ती लोकांकडं वळली. "उभे काय राहिलात? पळा, पानं आणा!"

माणसं घरी धावली आणि आपापलं पान घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर ओळीनं बसली. सगळ्यांत वरच्या पायरीवर कुंभारीण होती. तिनं उगम वाचला. तिचं संपलं तिथून लोहारानं उचललं, त्याच्याकडून सुईणीनं. पानांवर तेलाचे, तिखटाचे डाग होते, कडा झिजल्या होत्या. पण एक शब्द अडला नाही. कथेतली नदी पायरीपायरीनं खाली उतरू लागली.

कोळ्याची पाळी आली. त्याचे हात रिकामे.

"माझं पान पुरात गेलं," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घडाघडा म्हणू लागला. वर्णनही पुराचंच होतं. मध्येच ग्रंथकार दचकला. शब्द आठवत नसले तरी आपली लेखणी तो ओळखत होता; यातल्या दोन ओळी त्याच्या नव्हत्या. कोळ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं पाणी त्यांत शिरलं होतं, आणि त्या होत्या ग्रंथकाराच्या ओळींहून सरस!

शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसलेल्या एका नव्या नवरीनं सागर वाचला. आपण एवढं मोठं काही लिहिलं होतं, हे ग्रंथकाराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण खोड जाते का? डोळे पुसत तो उठला. "द्या ती पानं इकडं! सोन्याच्या पेटीत घालून राजवाड्यात ठेवतो."

लोकांनी पानं छातीशी घट्ट धरली. भांडण पुन्हा पेटलं, आणि आता अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं. शेवटी म्हातारी एकच वाक्य बोलली, आणि भांडण तिथंच मिटलं.

ग्रंथकार राजधानीला परतलाच नाही. त्याला न्यायला आलेला हत्ती रिकाम्या अंबारीनं गेला. गावकऱ्यांच्या तोंडून कथा ऐकून त्यानं ती पुन्हा उतरवली, कोळ्याच्या दोन ओळींसकट, आणि उरलेलं आयुष्य काठाकाठानं गावोगाव पानं वाटत फिरला. त्या नदीच्या दोन्ही तीरांवर ती कथा अजून वाचतात.

म्हातारी त्याला इतकंच म्हणाली होती, "अरे वेड्या, ज्या पोथीची पानं वाचणाऱ्यांच्या हातांनी मळतात, तीच पोथी लिहिणाऱ्याच्या मागं उरते."