विरजणाचं पातेलं

एकदा एक केतकी नावाची मुलगी स्वतःचं लग्न मोडून आली. "लग्नानंतर पेटी वाजवणं बंद," असं मुलाकडचे म्हणाले, तेव्हा तिनं साखरपुड्याची अंगठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. घरी येताच मात्र सगळी हकिगत फोनवर लिहिली, रडलेल्या चेहऱ्याचा फोटोही टाकला. कुणी वाघीण म्हणालं, कुणी आगाऊ. मग आपण नक्की कशा आहोत, हे ती फोनमध्ये बघून ठरवू लागली. मुलाकडचे संध्याकाळी पुन्हा बोलणी करायला यायचे होते आणि काय उत्तर द्यावं, हे तिचं तिलाच उमगेना. ती पेटी शिकवणाऱ्या विसूबाबांकडे गेली.

बाबा पातेलं घेऊन बाहेरच निघाले होते. "चल माझ्याबरोबर," म्हणाले.

पहिल्याच दारात त्यांनी झाकण काढलं. "वहिनी, दही लागलंय का बघा."

वहिनींनी पातेलं कलतं केलं. "अहो, आत्ताच विरजलेलं दिसतंय!"

शेजारच्यानं बोट बुडवलं. "दूधच पातळ आहे, बाबा." पलीकडच्या काकूंनी चमचा घालून ढवळलं. "विरजण कमी पडलं. आमचं घाला थोडं."

केतकी वैतागली. "काय चाललंय बाबा तुमचं! दही असं दारोदार हिंडवतात का? झाकून एका जागी ठेवा की! असं हलवत राहिलात तर जन्मात लागायचं नाही!"

"मग चांगलं लागतंय का, ते कळायचं कसं?"

"लागलं की कळेल! त्यासाठी गाव कशाला गोळा करायचं?"

बाबांनी झाकण ठेवलं आणि ओट्यावर टेकले. पातेल्यात ना दूध राहिलं होतं, ना दही झालं होतं.

"एवढं कळतं ना तुला? अंगठी काढलीस, तेव्हा तुझा निश्चयही नुकताच विरजलेला होता, बाई. त्याला झाकून उबेत ठेवायचं, तर तू पातेलं घेऊन जगभर फिरलीस. लोकांचा काय दोष? पुढे केलं की माणूस बोट घालणारच. आणि आता माझ्याकडे आलीस! मी तरी दुसरं काय करणार? जा, घरी जाऊन गप्प बस जरा."

केतकी घरी गेली. फोन बंद करून खोलीत नुसती बसून राहिली. दुपार फार लांब वाटली.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलाच्या काकांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "मग, काय ठरलं?"

"तेच, जे अंगठी काढताना ठरलं होतं," ती म्हणाली.

काकांच्या कपाळावर आठी पडली. केतकीनं ती पाहिली, आणि शांतपणे चहाचा कप त्यांच्यापुढे केला.