देठाकडची चकती

"उष्टं ते उष्टंच, आक्का! तुकडा असो नाहीतर डोंगर!"

सगुणा तावातावानं बोलत होती. अंगावर ओलं सोवळं, पोटात कालपासूनचा उपास. सोवळ्यात राग चालतो, एवढी सोय आपल्याकडे आहे.

आज मठाच्या आद्य स्वामींची पुण्यतिथी. तिच्या हातचा पहिला नैवेद्य. तो साधला तर स्वयंपाकघराची पळी तिची. तुळसाक्का आता थकल्या होत्या.

आणि त्याच तुळसाक्का टोपलीशी बसून एकेका दुधीची देठाकडची चकती कापत होत्या, चावत होत्या, थुंकत होत्या.

"तुकडा माझ्या तोंडात गेला. दुधीला माझं तोंड कुठं लागलं?"

"देवाआधी चव घ्यायची नाही. तुम्हीच शिकवलंत!"

"शिजल्यावर. चिरताना घ्यावी लागते, हेही शिकवलं होतं. तेवढं बरं विसरलीस."

"मग भोपळा का नाही चाखत?"

आक्कांनी माळ्यावरून काढलेल्या तांबड्या भोपळ्यावर बोटानं टकटक केली.

"ह्यानं हिवाळा काढलाय. जून झालाय. पोटात काय आहे ते वाजून सांगतो." मग दुधीवरून हात फिरवला. "हे कालचे कोवळे. वरून सगळे गोरेगोमटे. जिभेवाचून कळत नाहीत."

"माझी श्रद्धा आहे. देव कडू येऊ द्यायचा नाही."

आक्का हसल्या नाहीत. पुढची चकती चावली. तोंड वाकडं झालं. थुंकल्या. पदरानं ओठ पुसले.

आणि तो दुधी परत टोपलीत टाकून त्यांनी सगळी टोपली खालीवर केली.

उरलेल्यांचेही देठ भराभर उडवले. आता कडू कुठला, ओळखायची सोय नाही.

"एक कडू आहे ह्यात. कर भाजी."

"आक्का…!"

"श्रद्धा आहे ना?"

सगुणानं टोपली दूर सारली.

"मग दुधी नकोच. भोपळ्याची करते."

"कर. एवढ्याशा भोपळ्यात अंगणभर माणसं जेवव. आणि उद्या? माळा रिकामा झाला, बये. आता उन्हाळाभर दुधी, दोडका, पडवळ. रोज कोवळ्याशीच गाठ आहे तुझी."

बाहेर पंगतीची माणसं जमत होती. देवडीत एक म्हातारा काठी आडवी ठेवून बसला होता. एक बाळंतीण पोराला थोपटत होती.

कडू दुधी पोटात गेला की धडधाकट गडी ओकून आडवा होतो. ह्यांचं काय…

सगुणा खाली बसली.

विळी ओढली. चकती कापून, डोळे मिटून तोंडात घातली.

गोड. थुंकली.

दुसरी. गोड.

उपास मोडला, सोवळं गेलं, पळीही गेली… डोळ्यांतलं पाणी न पुसता ती टोपली उपसत राहिली.

तळाशी तो सापडला. जीभ सोलून निघाल्यासारखी झाली. तिनं तो दुधी परसात भिरकावला आणि चूळ भरायला मोरीकडे धावली.

आक्कांनी वाटेतच मनगट धरलं.

"सोडा, आक्का. तोंड कडू झालंय. देवापुढं कशी जाऊ…"

आक्कांनी हात सोडला नाही.

"चूळ भरू नकोस. नैवेद्य पोचला."