ओला पदर

"मग चुकलं कुठं, सर?" केतकीनं विचारलं आणि टॅब्लेट म्हेत्रे सरांच्या मांडीवर ठेवला.

काचेवर तिची आई होती. जांभळी इरकल, लाल पदर, काठाशी पाण्यात अलगद पसरलेला रंग. दृष्ट काढावी असं चित्र.

सर कोल्हापुरातले जुने चित्रकार. साड्यांच्या जाहिराती हातानं रंगवायच्या त्या काळातले. केतकी त्यांच्याकडेच जलरंग शिकली, आणि आता तेच जलरंग काचेवर काढून मुंबईच्या फॅशनवाल्यांना देत होती. नाव झालं होतं. ते झालंय हे तिला चांगलंच ठाऊकही होतं.

आईच्या साठीला तिनं हे चित्र केलं, जुन्या फोटोवरून, एका बैठकीत. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "साडी माझीच आहे गं. पण ही बाई कोण?" सगळे हसले. केतकीला मात्र तेव्हापासून अन्न गोड लागेना.

सर बराच वेळ बघत राहिले.

कागदाचा खरखरीतपणा हुबेहूब आहे, ती सांगू लागली. वाळताना रंगाची कडा गडद होते, तीसुद्धा. चुकलं तर पुसताही येतं.

सरांनी पेनसाठी हात पुढे केला. तिनं कोरं पान उघडून दिलं. एका फटकाऱ्यात त्यांनी लाल पदर सोडला. मग पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले...

"काढा की पुढं."

"ओला आहे."

साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि सर तर ऐंशीला टेकलेले. केतकीला हसू आलं. यात पाणीच नाही तर वाळायचं काय, असं तिनं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

सरांनी पेन उचललं नाही. हात मांडीवरच.

ते बसणं तिच्या ओळखीचं होतं. वर्गाचा नियमच होता तो: पहिला रंग दिला की कुंचला खाली, हात मांडीवर, आणि वाळेपर्यंत नजर समोर बसलेल्या माणसावर. पोरी कंटाळून जायच्या. एकदा समोर बसायला तिची आईच आली होती, हीच इरकल नेसून. बिचारी इतकी अवघडली होती, की कुठं बघावं तेच कळत नव्हतं.

"पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती," केतकी हळूच म्हणाली. "सारखं... आणि तिचा एक खांदा जरा खाली. पिशव्या उचलून उचलून."

तिनं आपलं चित्र पुन्हा उघडलं. त्यातल्या बाईचे खांदे सरळ होते, मान लांब, बोटं रिकामी. फॅशनच्या चित्रात असतात तशी. रंगांच्या बशा, ओल्या कागदाचा वास, आईचं ते लाजणं, सगळं एकदम आठवलं.

सरांचं पान तिनं परत समोर आणलं. आता तिचेही हात मांडीवर होते.

थोड्या वेळानं सरांनी पालथं बोट काचेला टेकवलं, ओल्या कागदाला टेकवायचे तसंच.

"वाळला का, सर?" केतकीनं विचारलं. या वेळी ती हसली नाही.

सरांनी टॅब्लेट तिच्या हातात दिला.

"आईसमोर बसल्याशिवाय नाही वाळायचा."