बुटाची दोन मिनिटं

"मास्तर, खरं सांगा. घाट मी चढलो, की बुटानं?"

शिंगटे मास्तर शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारत होते. ते वाकलेलेच राहिले. डब्यातून पांढरी रेघ सरळ पुढं चालली होती.

"आधी बाजूला हो. रेघेवर उभा आहेस."

बिरदेव कोकरे बाजूला झाला.

आठच दिवसांपूर्वी त्यानं तालुक्याची घाटशर्यत जिंकली होती. चौकातून वर खिंडीपर्यंत आणि तिथून परत, एकवीस किलोमीटर. नुसती जिंकली नव्हती, विक्रम मोडला होता. एक तास, नऊ मिनिटं, वीस सेकंद. मोडलेला विक्रम सदतीस वर्षं टिकला होता, आणि तो याच शिंगटे मास्तरांचा होता.

सातवीत असलेल्या बिरदेवला मेंढरांमागं धावताना बघून मास्तरांनीच त्याला या मैदानावर आणलं होतं. पळायला शिकवलं म्हणण्यापेक्षा, थांबायला शिकवलं. दम कुठं राखायचा, कुठं सोडायचा, कुणाच्या मागं किती वेळ राहायचं, ते सगळं त्यांचंच.

पण विक्रमाच्या दिवशी बिरदेवच्या पायात नवे बूट होते. पुण्याच्या एका क्लबनं दिलेले. जाड तळव्याचे, आत कसलीशी कडक पट्टी असलेले, हातात घेतले तर कापसासारखे हलके.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, "बुटांनी मोडला विक्रम".

सत्काराला दुसरा आलेला पोरगा हसत हसत म्हणाला, "अभिनंदन. तुझं नाही, बुटाचं." सगळे हसले. बिरदेवही हसला. घरी आल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही.

"मास्तर, मी विचारलं काहीतरी."

"ऐकलं." मास्तरांनी डबा खाली ठेवला, हात झटकले. "आणलेत का बूट?"

बिरदेवनं पिशवीतून बूट काढले. मास्तरांनी एक उचलला, उलटा केला, अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला. मग पायरीवर बसून पायातल्या चपला काढल्या.

"मास्तर...?"

"नाडी फार लांब आहे रे याची."

"मास्तर, तुमचा गुडघा!"

"माझा आहे ना? मग मी बघतो."

बूट त्यांना एका नंबरानं मोठे होत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस उठला, धोतराचा सोगा खोचला, आणि पळायला लागला.

सुरुवातीला ते पळणं नव्हतंच, लगबगीचं चालणं होतं. पहिल्या वळणावर उजवा पाय नेहमीसारखा फेंगडा पडला. समोरच्या बाजूला मात्र त्यांची चाल बदलली. खांदे खाली आले. कोपर अंगाला लागले. बिरदेवनं मास्तरांना कधी पळताना पाहिलंच नव्हतं. एका जुन्या फोटोत पाहिलं होतं, तेवढंच. त्यानं नकळत घड्याळाचं बटण दाबलं होतं.

तीनशे मीटरची फेरी. मास्तर परत आले ते धापा टाकत, आणि हसत.

"किती?"

"दोन मिनिटं सात सेकंद."

"अरे वा!" गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी दम घेतला. "यात आहे रे काहीतरी. पाऊल टेकलं की खालून कुणीतरी उचलतंय असं वाटतं. गुडघासुद्धा बोलला नाही."

बिरदेवचा चेहरा उतरला. आपण इथं कशासाठी आलो होतो, ते त्याला त्या क्षणी कळलं. मास्तर म्हणतील, बुटाबिटात काही नसतं, सगळं माणसात असतं. हेच ऐकायला तो आला होता.

"म्हणजे फरक पडतो."

"पडतो तर. डोळ्यांदेखत पडला."

"मग ठरलं." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "शर्यत समितीला अर्ज लिहिलाय. माझी नोंद काढून टाकावी, आणि विक्रम तुमच्याच नावावर कायम ठेवावा."

हे बोलताना त्याचा आवाज जरा चढला. येताना वाटेत त्यानं हे वाक्य कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. आपण असं म्हणू, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येईल, ते पाठीवर हात ठेवतील...

मास्तरांनी कागद वाचला. पाठीवर हात ठेवला नाही.

"बुटाचे किती धरलेस?"

"लोक म्हणतात, एवढ्या अंतराला दोन मिनिटं तरी."

"आणि तू माझ्यापेक्षा किती आधी आलास?"

"एकतीस सेकंद."

"म्हणजे बूट वजा केला तर तू दीड मिनिट माझ्या मागं."

"...हो."

"बरं. हिशोबच करायचा तर पुरा करू. बस."

बिरदेव पायरीवर बसला. मास्तर बूट न काढताच शेजारी टेकले.

"मी पळालो तेव्हा पलटणीतून सुट्टीवर आलो होतो. पायात पलटणीचे बूट. बाकीचे बहुतेक अनवाणी. माझ्यातून किती वजा करू?"

बिरदेव त्यांच्या पायातल्या बुटांकडं बघायला लागला.

"पलटणीत रोज दूध मिळायचं, अंडी मिळायची. त्याचे किती?"

"मास्तर, ते..."

"खिंडीच्या अलीकडं तेव्हा डांबर नव्हतं, खडी होती. त्याचे सेकंद मला परत मिळायला हवेत. किती लिहितोस?"

"असं कसं मोजता येईल?"

"दुसरा आला तो दौलू इंगवले. खाणीवरची पाळी संपवून तसाच आलेला. अनवाणी. पोटात चहा. त्याला किती देऊ?"

बिरदेवनं मान वर केली. दौलू इंगवलेचं नाव त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. चौकातली विक्रमाची पाटी त्यानं शंभरदा वाचली होती. तिच्यावर एकच नाव होतं.

"तो किती मागं होता?"

"अकरा सेकंद."

मैदानावर वाऱ्यानं थोडी फक्की उडाली.

"तुम्ही... तुम्ही त्याला कधी काही बोललात?"

"बोललो ना. दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. तुझ्यासारखाच. म्हणालो, दौलू, तुझ्या पायात बूट असते तर तूच जिंकला असतास. मनापासून म्हणालो. मला वाटलं, त्याला बरं वाटेल."

"मग?"

"वर्षभर बोलला नाही माझ्याशी."

"का? तुम्ही तर त्याच्याच बाजूनं..."

मास्तर बुटाची नाडी सोडायला वाकले. गाठ बसली होती, बोटांना निघेना. बिरदेव खाली उतरला, त्यांच्या पायाशी बसला आणि गाठ सोडवायला लागला. सोडवता सोडवता तो एकदम थांबला.

"मास्तर, मी तुम्हाला दुखावलं का? मी तर विक्रम तुम्हाला परत देत होतो."

"मागितला होता मी?"

"नाही."

"पाटीवरून माझं नाव पुसलं तेव्हा मी कुठं होतो?"

"तिथंच. चौकात."

"काय करत होतो?"

बिरदेवला आठवलं. गर्दीत सगळ्यात पुढं मास्तर उभे होते, आणि रंगाऱ्याला दटावत होते, कोकरेतला काना नीट काढ म्हणून. तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हातारा दुःख लपवतोय.

"मास्तर, पण लोक बोलतात..."

"बोलू देत. बूट चांगलाच आहे. मीच आत्ता पळून बघितला ना?"

"मग माझं त्यात काय उरलं?"

मास्तरांनी अर्जाची घडी घातली. नीट, चार घड्या. ती बिरदेवच्या हातात ठेवली आणि वरून त्याची मूठ मिटली. त्यांचा हात अजून पांढरा होता.

"या मैदानावर तीस वर्षं पोरं पळवली, ती कशासाठी रे? मला हरवायला कुणीतरी यावं म्हणून वाट बघत होतो. तू आलास... आणि आता सांगतोस, बूट आला होता?"