देव्हाऱ्यातला कर्णा

फार जुनी गोष्ट. नदीच्या एका काठावर गाव होतं आणि बाजार भरायचा पलीकडच्या काठावर. मध्ये पूल नव्हता. पात्रातून दगडी फरशी घातलेली होती, तीवरून लोक चालत जायचे आणि चालत यायचे. पात्र रुंद, त्यात डोक्यावर ओझी, म्हणून ओलांडायला बराच वेळ लागायचा. एरवी घोटाभर पाणी. पण वर डोंगरात पाऊस पडला की तेच पाणी बघता बघता छातीला लागायचं. खाली चालणाऱ्याला ते येताना दिसायचं नाही, कारण वरच्या अंगाला नदीला वळण होतं.

म्हणून गावाने टेकडीवर एक कर्णेवाला ठेवला होता. तिथून वळणापलीकडचं सगळं दिसायचं. त्याच्याकडे पितळी कर्णा होता, तीन कळांचा. कळा न दाबता फुंकला तर सरळ उंच आवाज निघायचा. त्याचा अर्थ, चला, वाट मोकळी आहे. कळा दाबून फुंकला तर खाली खाली उतरणारा आवाज. त्याचा अर्थ, मागं फिरा. कर्ण्याला एवढ्या दोनच गोष्टींचं बोलणं येत होतं. गावाला तेवढं पुरत होतं.

हा कर्णा मूळचा एका म्हाताऱ्या वस्तादाचा. वस्ताद तोंडाचा फाटका, पण कामाला पक्का. दर आठ दिवसांनी तो कर्णा मांडीवर घ्यायचा, कळांच्या टोप्या फिरवून आतले दट्टे बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, प्रत्येकाला दोन थेंब पातळ तेल लावायचा आणि ज्याच्या त्याच्या घरात परत बसवायचा. शेजारी शिष्याला बसवून घ्यायचा.

"काय बघतोस? माझ्या तोंडाकडं नको, हाताकडं बघ," म्हणायचा. "आत तुझीच थुंकी जाते. ती वाळते. वाळली की कळ अडते."

शिष्य शिकला. हात चांगला होता त्याचा. पुढे वस्ताद मेला आणि कर्णा त्याच्याकडे आला.

आता इथून बिघडलं, ते कसं बघा. शिष्य आळशी नव्हता. आळशी असता तर गावाने चार शिव्या देऊन कामाला लावला असता. त्याचा वस्तादावर फार जीव होता. आठव्या दिवशी त्याने कर्णा मांडीवर घेतला, पहिल्या कळेच्या टोपीला हात लावला आणि त्याला रडू फुटलं. मनात आलं, या कळा वस्तादांनी त्यांच्या हातांनी शेवटच्या बसवल्या आहेत. त्या आपण कशा उघडायच्या?

त्याने कर्णा देव्हाऱ्यात ठेवला. रोज फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली. कामापुरता खाली काढायचा, वाजवायचा, उपरण्याच्या मऊ कापडाने वरून पुसून परत देवाशेजारी ठेवायचा. पण उघडला नाही.

गावाला हे फार आवडलं. पाटील चावडीवर म्हणाले, "गुरूवर भक्ती असावी तर अशी." बायका पोरांना टेकडीवर घेऊन जायच्या, कर्ण्याच्या पाया पडायला लावायच्या. कुणी हळदकुंकू वाहायचं, कुणी अक्षता टाकायचं. कर्ण्याला तेल कधी घातलंस, हे एकानेही विचारलं नाही. विचारील कोण? सगळे हात जोडून उभे.

विचारलं ते एका म्हाताऱ्या कासारणीने. ती दर आठवड्याला बांगड्यांची पाटी घेऊन बाजाराला जायची. नवरा भांडी घडवायचा, त्यामुळे पितळेत जन्म गेलेला. तिचं तोंडही वस्तादासारखंच. एका बाजाराच्या सकाळी ती मुद्दाम टेकडी चढून वर आली, धापा टाकत.

"काय रे, तुझ्या कर्ण्याला पडसं झालंय का?"

"का हो मावशी?"

"मागच्या बाजाराला 'मागं फिरा' वाजवलंस तेव्हा आवाज मध्येच अडकला. कळ चिकटतीय."

"जरा जोर लावला की दबते."

"आज दबते. आत घाण साचलीय, मेल्या. खोल, पूस, तेल घाल. अर्ध्या घटकेचंसुद्धा काम नाही."

कर्णेवाल्याने मान हलवली. "वस्तादांच्या हातच्या कळा आहेत त्या. मी त्या मोडणार नाही."

"मोड कोण म्हणतंय? उघड म्हणतीय मी."

"माझ्यासाठी ते एकच."

कासारणीने पाटी खाली ठेवली. "तुझा वस्ताद दर आठ दिवसांनी त्या उघडायचा. तुला शेजारी बसवून उघडायचा. तेव्हा काय पूजा करायचा होय तो?"

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं."

"मला पितळ कळतं," ती म्हणाली. "आणि तू पाया पडलास ते पितळेला कळत नाही. परवा खंडेनवमी आहे. सगळी माणसं आपापली हत्यारं साफ करतात. त्या निमित्ताने तरी उघड. माझ्या नवऱ्याला पाठवू का?"

"नको. मी बघतो."

खंडेनवमीला त्याने पाहिलं. सकाळी अंघोळ करून कर्णा मांडीवर घेतला. एका बाजूला वस्तादाची तेलाची कुपी होती, फडकं होतं, नळीत घालायची काडी होती. दुसऱ्या बाजूला पाटलांच्या घरून आलेलं पंचामृत होतं. दारात गावातली पाच-पंचवीस माणसं पूजा बघायला जमली होती. त्याने टोपीला हात लावला. टोपी घट्ट बसली होती. पिळून काढावी लागली असती, आवाज झाला असता, कदाचित वस्तादाच्या कर्ण्यावर ओरखडा उठला असता. तेही एवढ्या माणसांसमोर.

त्याने कुपी बाजूला सरकवली. कर्ण्याला पंचामृताचं स्नान घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं कळांवरून ओतलं. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. लोकांनी डोळे मिटून हात जोडले. पाटलांनी नारळ फोडला. वरून पुसून कर्णा देव्हाऱ्यात गेला. आत गेलेलं आतच राहिलं.

पुढच्या बाजाराचा दिवस आला. गावात कोरडं ऊन होतं. सकाळी त्याने 'चला' वाजवलं. त्याला कळा लागत नाहीत, आवाज लख्ख निघाला. लोक बाजाराला गेले. तिसऱ्या प्रहरी परत निघाले. पलीकडच्या काठावर वीसेक माणसं गोळा झाली, त्याने पुन्हा 'चला' वाजवलं आणि ती फरशीवर उतरली. सगळ्यांत पुढे कासारीण. तिला नेहमीच पुढे चालायचं असायचं, मागून चाललं की तिला माणसं हळू वाटायची.

माणसं थोडी आत आली आणि कर्णेवाल्याने वळणापलीकडे पाहिलं. डोंगर काळा झाला होता. नदी मातकट झाली होती आणि तिच्यावर झाडाच्या फांद्या वाहत येत होत्या. माणसं अजून पात्राच्या मधल्या खोल पट्ट्यापर्यंत पोहोचली नव्हती. आत्ता मागं फिरली तर सगळी काठाला लागणार होती.

त्याने कर्णा तोंडाला लावला आणि कळांवर बोटं दाबली.

कळा हलल्या नाहीत.

अंगठ्याने दाबल्या, तळव्याने दाबल्या. दगडात बसवल्यासारख्या तिन्ही घट्ट. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. जोराने फुंकलं. वाटलं, जोराने फुंकलं की कळा सुटतील. कर्ण्यातून सरळ, उंच, लख्ख आवाज निघाला. चला. त्याने आणखी जोराने फुंकलं. चला, चला.

खाली एक माणूस म्हणाला, "आज फारच घाई करतोय बुवा. उचला पाय."

माणसं भराभर चालू लागली, खोल पट्ट्याकडे. कर्णेवाल्याने कर्णा फेकला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागला. एवढ्या लांबून ओरडणं पोहोचत नाही. हात हलवणं दिसलं, पण तेही बोलावल्यासारखंच दिसलं.

कासारीण मात्र थांबली. एकदा वाट मोकळी म्हणून सांगितल्यावर कुणी पुन्हा पुन्हा सांगत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ती गर्रकन वळली आणि दोन्ही हात पसरून फरशीवर आडवी उभी राहिली.

"मागं फिरा! त्याच्या कळा अडकल्यात! पाणी येतंय!"

"अगं, पण तो तर चला म्हणतोय."

"तो नाही, कर्णा म्हणतोय! फिर मागं, मुडद्या!"

तिने पुढच्या माणसाच्या छातीवर पाटी मारली. बांगड्या फुटल्या. मग माणसं फिरली आणि पळाली. फिरल्यावर जे मागे होते ते पुढे झाले, आणि जी सगळ्यांत पुढे होती ती सगळ्यांत मागे राहिली. पाणी आलं तेव्हा सगळे काठावर चढले होते. कासारीण तेवढी राहिली होती.

ती दुसऱ्या दिवशी सापडली, दोन कोस खाली.

गावाची सभा बसली. आदल्या आठवड्यात पाया पडणारी तीच माणसं आता कर्णेवाल्याला काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. पाटील म्हणाले, "कर्ण्याचा कोप झाला. पूजेत काही राहून गेलं असेल. मोठी शांती करू." पुष्कळांनी माना डोलावल्या.

म्हातारा कासार सभेला गेला नाही. तिचे दिवस उरकल्यावर तो टेकडीवर आला. कर्णेवाल्याशी बोलला नाही. कर्णा घेतला, गरम पाण्यात बुडवून ठेवला, टोप्यांना चामडं गुंडाळून त्या पिळून काढल्या, दट्टे एकेक करून बाहेर ओढले. त्यांच्यावर काळपट साखरेचा थर होता, त्यात हळद, त्यात तांदळाचे दाणे. त्याने ते सगळं खरवडलं, पुसलं, तेल लावलं, कळा परत बसवल्या. बोटाने दाबून पाहिल्या. लोण्यासारख्या खाली गेल्या.

"तिनं सांगितलं होतं ना तुला?" त्याने विचारलं.

"सांगितलं होतं."

"हं," कासार म्हणाला आणि उठून गेला.

त्या दिवसापासून कर्णेवाल्याने एकही आठवडा चुकवला नाही. कर्णा देव्हाऱ्यातून काढून खुंटीला टांगला. कळा इतक्या हलक्या झाल्या की नुसत्या बोटाच्या वजनाने दबायच्या. तो वस्तादापेक्षाही स्वच्छ वाजवू लागला. बाजाराच्या दिवशी टेकडीवरून आवाज यायचा, चला, वाट मोकळी आहे.

काठावरची माणसं तो ऐकायची आणि जागची हलायची नाहीत. आधी एक माणूस वळणापर्यंत चालत जायचा, आपल्या डोळ्यांनी पाणी बघून यायचा, मग सगळे उतरायचे. टेकडीकडे कुणी मान वर करून बघत नसे. कर्णेवाला म्हातारा होईपर्यंत वाजवत राहिला.

तात्पर्य सांगतो, पाठ करू नका, करा: ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव आहे तिच्या पाया पडून भागत नाही, ती वेळेवर उघडून साफ करावी लागते. आणि गुरूवर माया असेल तर त्याने शिकवलेलं काम बंद पाडू नये.