ठकूबाईचा दोर

सह्याद्रीच्या दाट रानात आंबेघळ नावाच्या गावी केवलगिरी महाराजांचे वास्तव्य होते. कड्याच्या काठावर रामाचे लहानसे देऊळ आणि त्यामागे महाराजांची झोपडी. चैत्रातल्या नवमीला भर दुपारी तिथे रामजन्म होई. पाळण्याची रेशमी दोरी विसाजी खोतांच्या घरून येई. खोत मनाचे वाईट नव्हते हो. पण आपल्यावाचून राम जन्मालाच येत नाही, अशी काहीशी त्यांची समजूत होऊन बसली होती.

त्या वर्षी धनगरवाड्यावरची ठकूबाई सुनेला आणि तान्ह्या नातवाला घेऊन देवळात आली. सुनेची आधीची लेकरे पाळण्यातच गेली होती. हे जगले, तर देवाचा पाळणा माझ्या हातच्या दोराने हलवीन, असा नवस ठकूबाई बोलली होती. दोर होता ओढ्याकाठच्या कापशीचा. ही कापशी म्हणजे कापूस नव्हे; या रानझुडपाचा पाला शेळ्या खातात, फळे पोरे खातात आणि सालीतून चिवट वाख निघतो. म्हातारीने साल सोलली, ओढ्यात भिजवली, धोपटली आणि रामाचे नाव घेत घेत दोर वळला. दोर लहानसाच होता, पाळण्यापुरता.

खोतांनी तो पाहिला आणि ते मोठ्याने हसले. "अगं, याने आम्ही वासरूसुद्धा बांधत नाही! देवाच्या पाळण्याला हा रानातला कचरा?"

"नवस हाय, खोतदादा," ठकूबाई हात जोडून म्हणाली. "तुमची रेशमी ऱ्हाऊ द्या की. ह्येचा येकच झोका घेऊ द्या. माज्या पोराच्या जिवासाटी बोललेय."

पण भोवतालचे चार जण हसले, आणि खोतांना तेवढे पुरे झाले. त्यांनी तिच्या हातातला दोर ओढून घेतला आणि कड्यावरून खाली भिरकावून दिला. ठकूबाईने नातवाला छातीशी घट्ट धरले. नवस मोडला, आता देव हेही लेकरू नेणार, या भीतीने तिला घेरले.

मध्यान्ह झाली, तरी पाळण्यापाशी बसलेल्या महाराजांनी पाळण्याला हात लावला नाही.

"महाराज, वेळ टळतेय," खोत म्हणाले.

महाराज म्हणाले, "रामाचा दोर खाली पडलाय, विसाजी. तो वर आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही."

खोतांचा पारा चढला. "आणतो! पण आधी एका हिसक्यात तोडतो, मग त्याचे तुकडे तुमच्यापुढे ठेवतो!"

ते शेळ्यांच्या वाटेने कड्याखाली उतरले. दोर घळीच्या काठावरच्या एका कापशीच्याच झुडपावर पडला होता. खोतांनी त्याचे टोक मनगटाला गुंडाळले आणि सगळा राग हातात आणून हिसका दिला. त्याच क्षणी त्यांच्या पायाखालचा दगड निसटला!

इकडे देवळात महाराज ताडकन उठले. त्यांनी पाळण्याच्या खांबाला पाय रोवले, रिकाम्या हवेत मुठी आवळल्या आणि अंग मागे झोकले. त्यांच्या कपाळावरून घाम वाहू लागला. "धावा रे! खोतांना वर घ्या!"

माणसे धावली. खोत घळीवर अधांतरी लोंबकळत होते, मनगटाला तोच दोर! लोकांनी पागोटी एकमेकांना बांधून खाली सोडली आणि त्यांना वर ओढून घेतले. मग सगळ्यांनी झुडपाकडे पाहिले. दोराचे दुसरे टोक कशालाच बांधलेले नव्हते. बोटाएवढ्या फांदीवर ते नुसते पडून होते.

खोत देवळात आले. महाराजांच्या मुठी अजून मिटलेल्याच होत्या. खोतांनी त्या हळूच उघडल्या. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, आणि त्या जखमांत कापशीच्या वाखाचे धागे अडकले होते.

"महाराज! तुम्ही धरलं होतंत मला!" खोत हंबरडा फोडून पाया पडू लागले.

महाराजांनी त्यांना अडवले. "माझ्या पाया मागाहून पड. आधी त्या लेकराचा नवस फिटू दे."

खोतांनी मनगटाचा दोर सोडला, तो ठकूबाईच्या ओंजळीत ठेवला आणि तिच्या पायांवर डोके टेकले. "आई, तुझ्या हाताने बांध."

ठकूबाईने दोर बांधला. महाराजांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि पहिला झोका म्हातारीने दिला. सून लेकराला उराशी धरून रडत होती. खोत मात्र दूर उंबऱ्यापाशी मान खाली घालून बसले होते. ठकूबाईने त्यांना हाक मारली.

"या, खोतदादा. तुमी बी येक झोका द्या."

खोत पुढे आले. त्यांनी तो दोर दोन्ही हातांनी धरला, आणि ओढायच्या आधी त्याच्यावर आपले कपाळ टेकवले.